कोणत्या कामाला कोणतं दार?

शेतातून नुकत्याच घरी आलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, गटाच्या बैठकीला जमून रेडिओभोवती बसलेल्या तुम्हा सगळ्यांना आमचा रामराम.

आम्ही लोणारच्या बचत गटातल्या बाया. बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं गाव तळ्यासाठी ओळखलं जातं. आकाशातून उल्का पडली आणि काळ्या खडकात हा एवढा मोठा खळगा झाला, असं शास्त्रज्ञ सांगतात. एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. म्हातारी माणसं लवणासुराची गोष्ट सांगतात. विष्णूने त्या दैत्याला मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. देशोदेशीचे लोक तळं पाहायला येतात, काठावर उभे राहून फोटो काढतात आणि संध्याकाळी निघून जातात. आम्ही इथेच राहतो. तळं आमच्या उशाशी आहे, पण त्याचं पाणी खारं. ते पिता येत नाही. म्हणून आमची सकाळ तुमच्यासारखीच नळाची वाट पाहत उजाडते.

आज आम्ही तळ्याच्या सौंदर्याबद्दल बोलणार नाही. तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाला कोणते नियम लागतात, कोणत्या कामाला कोणत्या कार्यालयात जायचं आणि गेल्यावर हातात काय घेऊन परत यायचं, त्याबद्दल बोलणार आहोत. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. चुकलो, पैसे अडकले, एका मैत्रिणीचा अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली गेला, तेव्हा शिकलो. आधी ती गोष्ट सांगतो.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं घर गावातल्या एका जुन्या, संरक्षित देवळाजवळ आहे. तिचं नाव सांगत नाही, तिने गोष्ट सांगायची परवानगी मात्र दिली आहे. घर मातीचं, सासऱ्यांच्या वेळचं. मागची भिंत पावसात खचली. तिने गटाकडे 40 हजारांचं कर्ज मागितलं. भिंत विटांची बांधायची आणि तिला लागून एक लहानशी न्हाणी काढायची. घरात वयात आलेली मुलगी. दोघी मायलेकी तट्ट्याच्या आडोशाला अंघोळ करायच्या, तेही अंधार असताना.

आम्ही नेहमीप्रमाणे विचारलं. जामीन कोण? हप्ता किती? घरधन्याचं काम कायम आहे का? सगळं बरोबर होतं. कर्ज दिलं. पाया खणला, सिमेंट येऊन पडलं. आणि चौथ्या दिवशी ती गटाच्या बैठकीला आली ती तोंड उतरवून.

"काहून वं, काय झालं?" आम्ही विचारलं.

"काम बंद पाडलं वं बाई. कागद आला. देवळाच्या हद्दीत परवानगी नाही काढली म्हणते."

आम्ही बारा जणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. परवानगीचा प्रश्न आमच्यातल्या एकीनेही विचारला नव्हता. आम्ही कर्ज फिटेल की नाही एवढंच पाहिलं. भिंत उभी राहू शकेल की नाही हे पाहिलं नाही.

मग मृग लागला. भिंतीच्या जागी ताडपत्री. सिमेंटच्या पिशव्या ओल लागून दगड झाल्या. आणि हप्त्याची तारीख आली. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, "गटाचा पैसा आहे, हप्ता तर भरावाच लागन." दुसरी म्हणाली, "आपणही विचारलं नाही ना, मंग सारी शिक्षा तिलेच काहून?" तास-दीड तास बोलणं झालं. शेवटी ठरलं, चार महिने मुद्दल थांबवायचं, फक्त व्याज घ्यायचं आणि परवानगीचा अर्ज तिच्यासोबत आपण सगळ्यांनी मिळून करायचा.

आता तो नियम काय आहे ते सांगतो, कारण जुनं देऊळ, किल्ला, लेणी किंवा बारव तुमच्या गावातही असेल. केंद्र सरकारने ज्या वास्तू संरक्षित म्हणून जाहीर केल्या आहेत, त्यांना 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. आमच्याकडे दैत्यसूदनाचं देऊळ तसं आहे. 2010 साली या कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित क्षेत्र. तिथे नवं बांधकाम करता येत नाही. त्याच्या पुढचे 200 मीटर हे विनियमित क्षेत्र. तिथे बांधकाम करता येतं, पण आधी परवानगी घेऊन. परवानगी न घेता काम केलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायद्यात लिहिलं आहे. ही परवानगी नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगीपेक्षा वेगळी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही.

पण याच कायद्यात एक वाटही आहे. 100 मीटरच्या आतलं घर 16 जून 1992 च्या आधीपासून उभं असेल, तर त्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर निर्णय होतो. म्हणजे आमच्या मैत्रिणीला एवढंच दाखवायचं होतं, की घर त्या तारखेच्या आधीचं आहे.

कसं दाखवणार? सातबाऱ्यावर गावठाणातलं घर नसतं. विजेचं मीटर नंतरचं. दोन दिवस शोधाशोध चालली. मग तिच्या सासूबाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात लुगड्याखाली, एका फडक्यात बांधलेल्या घरपट्टीच्या पावत्या. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या, पण शिक्का आणि साल स्पष्ट. म्हाताऱ्या म्हणाल्या, "सासऱ्यानं सांगतलं होतं, सरकारचा कागद चुलीत घालू नको." त्या बाईंना लिहिता-वाचता येत नाही. पण घर वाचलं ते त्यांच्या पेटीमुळे.

भिंतीच्या दुरुस्तीची परवानगी मिळाली. न्हाणीची मिळाली नाही, कारण न्हाणी नवं बांधकाम ठरलं. भिंत आज उभी आहे. मायलेकी अजून आडोशालाच अंघोळ करतात, फक्त तट्ट्याच्या जागी आता पत्रा आला. जुन्या घराच्या आतच, नवा पाया न खणता कोपरा काढता येईल का, हे आम्ही लेखी विचारलं आहे. उत्तर यायचं आहे. देऊळ जपलं पाहिजे हे आम्हाला मान्य आहे, ते आमचंही देऊळ आहे. पण बाईला आडोसा लागतो, हेही कोणीतरी कागदावर लिहून दिलं पाहिजे ना? ते आम्ही लिहून दिलं.

तेव्हापासून आमच्या कर्जाच्या अर्जात एक ओळ वाढली आहे. 'बांधकामासाठी कर्ज हवं असल्यास परवानगी लागते का, हे विचारलं का? कोणाला विचारलं?' तुमच्या गटाच्या अर्जातही ही ओळ घाला.

आता दारांकडे येऊ. आमच्या एका गावात किती सरकारं आहेत ते मोजा. नळ, दिवाबत्ती, गटार, कचरा, घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद, बांधकाम परवानगी, हे नगरपरिषदेकडे. तळ्याचा खळगा आणि आतलं झाडझाडोरा अभयारण्यात, म्हणून वनविभागाकडे. जुनी संरक्षित देवळं पुरातत्त्व खात्याकडे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, निराधारांची पेन्शन तहसीलकडे. आणि गावाची हद्द ओलांडली की लगेच ग्रामपंचायत सुरू. खळग्यात उतरून सरपण आणायला गेलेल्या बाईला नगरसेवक सोडवू शकत नाही, कारण ती हद्द त्याची नाही. आणि तुंबलेल्या गटाराची तक्रार तहसीलदाराकडे नेली तर कागद फिरून नगरपरिषदेतच येतो, मधले दिवस वाया जातात.

दार चुकलं की किती वेळ जातो, याची दुसरी गोष्ट सांगतो. आमच्यातलीच एक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. माहेर दुसऱ्या तालुक्यातलं खेडं. पावसात रस्ता बंद झाला आणि घरातच सुटका झाली. आशाताईने टोचणीचं कार्ड भरलं, बारसं झालं, ती सासरी आली. जन्माची नोंद मात्र राहिली. माहेरच्यांना वाटलं, लेक लोणारची, नोंद लोणारला होईल. सासरच्यांना वाटलं, जन्म तिकडचा, तिकडे झाली असेल. मुलगी सहा वर्षांची झाली, शाळेने दाखला मागितला, तेव्हा कळलं की सरकारच्या वहीत ही पोरगी जन्मलेलीच नाही.

तर बायांनो, पहिला नियम हा, की जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते. आईबाप कुठे राहतात त्याचा संबंध नाही. खेड्यात घरी जन्म झाला तर त्या ग्रामपंचायतीत, शहरात झाला तर तिथल्या नगरपरिषदेत. सरकारी दवाखान्यात झाला तर तिथूनच नोंद होते, पण सुट्टी मिळताना विचारून घ्या. दुसरा नियम मुदतीचा. 21 दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क. 21 ते 30 दिवसांत थोडं विलंब शुल्क भरून. 30 दिवसांनंतर एका वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका. नोंद आधी करा. नाव नंतर घालता येतं, आणि पहिल्या 12 महिन्यांत त्याला पैसे पडत नाहीत.

आमच्या मैत्रिणीला वर्ष उलटून पाच वर्षं झाली होती. आधी ती लोणारला विचारत राहिली. मग माहेरच्या गावातून 'नोंद आढळत नाही' असा दाखला आणायचा होता, त्यासाठी एका कार्यालयात ती किती वेळा गेली कोण जाणे. दर वेळी ऐकायला मिळालं, पुढच्या सोमवारी या. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, कडेवर धाकटं पोर. तिसऱ्यांदा आमच्यातल्या दोघी सोबत गेल्या. विचारलं, "अर्ज कुठे आहे?" तर अर्ज दिलाच नव्हता! तोंडीच विचारणं चाललं होतं. मग तिथेच बसून अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतली. त्यानंतर कागद हलला. आशाताईने भरलेलं ते टोचणीचं कार्ड पुरावा म्हणून कामी आलं. आदेश झाला, नोंद झाली, दाखला हाती आला. 2023 साली कायद्यात बदल झाला आहे. त्यामुळे 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळेपासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. म्हणजे आज कुशीत असलेल्या बाळांसाठी हे काम अजून महत्त्वाचं.

आणि एक लक्षात ठेवा. दाखला नाही म्हणून पोराला शाळेतून परत पाठवता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. दाखल्यासाठी धावपळ आईने करायची, पण तोवर पोरीने वर्गात बसायचं.

आता पोचेबद्दल. आमच्या सगळ्या अनुभवांचं सार या एका शब्दात आहे. तोंडी विचारणा म्हणजे पाण्यावरची रेघ. कार्यालयात जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्या. महाराष्ट्रात 2015 साली लोकसेवा हक्क कायदा आला. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, कोणता अधिकारी देणार, शुल्क किती आणि नाही दिली तर अपील कोणाकडे, हे कार्यालयाने फलकावर लावायचं असतं. पुढच्या वेळी गेलात की आधी तो फलक शोधा. बहुधा जिन्याखाली किंवा कपाटामागे सापडतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यावर दुसरं अपील, आणि त्याहीवर राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण सेवा अडवली असं ठरलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे सगळं कधी? तुमच्याकडे तारीख घातलेली पोच असेल तेव्हा. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सांगता येत नाही.

आता घरावरचं नाव. नगरपरिषदेत घरपट्टीच्या आकारणीत घर कोणाच्या नावावर आहे ते पाहा. ग्रामपंचायतीत राहत असाल तर नमुना 8 चा उतारा काढा. खेड्यातल्या घरांवर नवरा-बायको दोघांची नावं लावावीत, असा निर्णय राज्य शासनाने 2003 सालीच काढला आहे. किती जणींच्या घरी तो पोचला? आमच्या गटात विचारलं तर बहुतेक घरांवर सासऱ्याचं नाव, आणि त्यांतले काही सासरे देवाघरी गेलेले. मृत माणसाच्या नावाने पट्टी भरत राहिलं तर काही बिघडत नाही, असं वाटतं. बिघडतं. घरकुलाचा अर्ज, नळजोडणी, कर्ज, सगळीकडे अडतं. मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं जोडून नाव बदलण्याचा अर्ज करा, आणि करतानाच आपलंही नाव लावायला सांगा. मात्र एवढं ध्यानात असू द्या, की घरपट्टीवरचं नाव म्हणजे मालकी हक्काचा पक्का पुरावा नव्हे. तो कर कोणी भरायचा याचा कागद. तरीही तो कागद जवळ ठेवा. पेटीतल्या पावत्यांनी काय केलं ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.

आकारणी नव्याने होते तेव्हा नगरपरिषद यादी लावते आणि हरकतीला मुदत देते. त्या मुदतीत लेखी हरकत घ्या. पट्टी जास्त लागली म्हणून वर्षभर नळावर बोलून उपयोग नाही, मुदत संपली की ती रक्कम पक्की होते.

काठावर टोपली घेऊन बसणाऱ्या आमच्या बहिणींसाठीही दोन शब्द. कमळजा देवीच्या नवरात्राच्या यात्रेला, सुट्टीच्या दिवसांत, खणनारळ, कणसं, शेंगा, पाण्याच्या बाटल्या विकून किती घरं चालतात. त्यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. नगरपरिषदेने पाहणी करून विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं. पाहणी आणि प्रमाणपत्रं होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही. जागा बदलायची तर 30 दिवसांची नोटीस. माल उचलला तर त्याची यादी लिहून द्यायची. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि दुसरा माल दोन कामाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. गावच्या पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायांच्या. विचारा तुमच्या नगरपरिषदेत, त्या जागांवर कोण बसतं? मात्र हा नियम नगरपरिषदेच्या हद्दीतला. अभयारण्याच्या किंवा संरक्षित देवळाच्या आवारात बसायचं तर तिथलं दार वेगळं.

आता तळ्याकडे वळतो. 2020 च्या जूनमध्ये आमचं तळं गुलाबी झालं आणि टीव्हीवाले धावत आले. देवीचा कोप म्हणावं की चमत्कार, कळेना. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं आणि सांगितलं, की अतिखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला. त्याच वर्षी तळं रामसर यादीत गेलं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ती यादी. महाराष्ट्रातलं नांदूर मध्यमेश्वर त्याआधी होतं, आपलं दुसरं.

आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की ते सूक्ष्म जीव खाऱ्या पाण्यावर जगतात. वरून साबणाचं, गटाराचं पाणी उतरत राहिलं तर ते पाणी बदलतं. गावातलं सांडपाणी तळ्यात उतरतं ही जुनी तक्रार. तळ्याच्या संरक्षणाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत स्पष्ट आहे, की गावाचं किंवा शहराचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी अशा जागेत सोडायचं नाही, कचरा टाकायचा नाही, अतिक्रमण करायचं नाही. हा नियम मोठ्या संस्थांना आहे तसा आपल्या मोरीलाही आहे. मोरीचं पाणी उघड्यावर सोडू नका, गटाराला किंवा शोषखड्ड्याला जोडा. संडासाची टाकी भरली तर उपसा यंत्राची गाडी मागवा. थोडे पैसे वाचवायला माणूस आत उतरवू नका. 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तो कोणाचा तरी लेक आहे.

कचऱ्याचंही तसंच. नियमांप्रमाणे ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा करून देणं हे घराचं काम, आणि तो वेगळा उचलणं नगरपरिषदेचं. वापरलेले पॅड कागदात नीट गुंडाळून द्या, उघडे टाकू नका. आमच्या गल्लीत कचरा वेचणाऱ्या दोघी येतात, त्यांचे हात त्याला लागतात. कचरा जाळू नका, नाल्यात लोटू नका. आमच्याकडे नाल्यात लोटलेली पिशवी पावसात कुठे जाते, हे आम्हाला डोळ्यांनी दिसतं. तुमच्याकडे दिसत नसेल, पण तिथेही कोणाचं तरी तळं, कोणाची तरी विहीर असतेच.

शेवटची गोष्ट. आमच्यातल्या कितीतरी जणी लग्न होऊन खेड्यातून इथे आल्या. खेड्यात त्यांना ग्रामसभा होती. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा होती. उभं राहून बोलता येत होतं. नगरपरिषदेत ग्रामसभा नसते. प्रभाग समित्या राज्यघटनेने सक्तीच्या केल्या त्या 3 लाखांवरच्या शहरांना. आमच्यासारख्या लहान गावाला त्या लागत नाहीत. मग बोलायचं कुठे? आम्ही असं ठरवलं, की दर महिन्याच्या गटबैठकीत शेवटची पंधरा मिनिटं गल्लीची. कोणाचा दिवा बंद, कुठे गटार तुंबलं, कोणाचा दाखला अडला. त्याचा एकच अर्ज, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. एक प्रत कार्यालयात, एक प्रभागाच्या नगरसेविकेकडे. 2011 पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायांच्या आहेत. तिला हळदीकुंकवाला बोलावतो तसं या बैठकीलाही बोलवा. आणि अर्जाचं काय झालं हे कळेना, तर 10 रुपयांचं शुल्क भरून माहितीच्या अधिकारात विचारा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते 10 रुपयेही नाहीत.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात तीन कामं करा. पहिलं, आपल्या घरावर कोणाचं नाव आहे ते बघा. दुसरं, घरातल्या प्रत्येक पोराचा जन्मदाखला आहे का, त्यावर नाव आणि तारीख बरोबर आहे का, ते वाचा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. तिसरं, घरातले सरकारी कागद एका पिशवीत घाला आणि पिशवी कुठे आहे हे घरातल्या दोघांना सांगून ठेवा.

आमच्या मैत्रिणीच्या सासूबाई आता थकल्या आहेत. परवा आम्ही त्यांना भेटायला गेलो तर त्यांनी पेटीची किल्ली सुनेच्या हातात दिली होती. सून म्हणाली, "आता मी बी पावत्या त्यातच ठेवते." नव्या भिंतीच्या परवानगीचा कागद त्याच फडक्यात, सगळ्यांत वर आहे. न्हाणीचा कागद आला की त्यातच जाईल.

तुमच्या गावात कोणत्या दाराशी काम अडलं आहे ते गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत वाचा. भेटू पुन्हा. नमस्कार.